गोष्टीच्या खेळातली सांगणारी

अकोला, २ नोव्हेंबर

रोज काहीतरी लिहून ठेवा, असं आचल मॅडमनी सांगितलं. त्या अमरावतीत ताईची स्पीच थेरपी करतात. ताई कोणता शब्द बोलली, कशानं हसली, कशानं चिडली, हे घरच्यांनी टिपून ठेवलं तर त्यांना मदत होते म्हणे. भाऊजींनी ते काम माझ्यावर टाकलं. मी दालमिलमध्ये सुपरवायझर, दिवसभर नोंदीच करतो, म्हणून असेल. पण टिपायला आधी शब्द तर पाहिजेत.

पोळ्याच्या आठवड्यात प्राजक्ता ताईला पॅरालिसिसचा झटका आला. हात-पाय बरेच सुधारले, आता काठीशिवाय घरात फिरते. बोलणं मात्र गेलं. तिला सगळं समजतं, बातम्या लावल्या की नेमक्या जागी भुवया उंचावते. पण तोंडातून निघतो एकच शब्द, 'बरोबर'. इतकी वर्षं अकरावी-बारावीला भूगोल शिकवताना पोरांना हाच शब्द हजारदा म्हणाली असेल, तोच तेवढा शिल्लक राहिला. चहा पाहिजे? बरोबर. चहा नको? बरोबर.

आज रविवार म्हणून अमरावतीला ताईकडं गेलो होतो. जेवताना भाऊजींनी स्वेच्छानिवृत्तीचा विषय काढला. सुट्ट्या संपत आल्यात, कॉलेजला वर्ष संपायच्या आत काहीतरी कळवावं लागेल. उगाच ओढाताण कशाला, असं ते म्हणाले. मग ताईला विचारलं, चालेल ना? ती म्हणाली, बरोबर. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मीही मान हलवली. म्हणजे ठरलं. चला, एक काळजी मिटली. ताटं उचलताना पाहिलं तर ताईनं भाताला हात लावला नव्हता. आजारपणात भूक मंदावतेच.

मॅडम म्हणतात तिच्याशी गप्पा मारत जा. मी दहा मिनिटांत संपलो. मिलचं सांगितलं, पोरीच्या परीक्षेचं सांगितलं, पुढं काय? बडनेरा स्टेशनवर परतीच्या गाडीत बसलो तेव्हा मनात आलं, आम्ही दोघं लहानपणी तासन् तास काय बोलायचो? आणि आठवलं. आम्ही बोलत नसू, खेळत असू.

अकोला, ४ नोव्हेंबर

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं सगळं. प्रतीक्षा खाली स्टूल धरून उभी होती. तिनं विचारलं, हे काय? बायकोला इतक्या वर्षांत मी कधीच सांगितलं नव्हतं याचं नवल वाटलं.

ताई तेरा वर्षांची, मी आठचा. उन्हाळ्यात भिलाईहून चुलतभाऊ देवमन दादा आला होता. त्यानं कोणा मित्राकडं एक परदेशी खेळ पाहिलेला. पुस्तक नव्हतं, पट नव्हता, नियमही त्याला धड आठवत नव्हते. एवढंच सांगितलं की एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि फासा पडेल तसं घडतं. एवढ्या ऐकीव माहितीवर ताईनं अख्खा खेळ उभा केला.

फासा आमच्याकडं नव्हता, लुडोचा हरवला होता. तिनं चिंचोके फोडले. चार अर्धुके टाकायचे, पांढरी बाजू जितकी वर तितकं दान. प्रत्येकाला जीव म्हणून मूठभर फुटाणे. जखम झाली की त्यातला एक फुटाणा सांगणारीनं खायचा. ताई सांगणारी असल्यामुळं आम्ही फार जखमी व्हायचो.

बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यातून एका बाजूनं छापलेले कागद आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूला तिनं गोष्टी लिहिल्या. आज मी त्या वाचल्या आणि खरं सांगतो, थक्क झालो. 'गोड विहीर' घ्या. खारपाणपट्ट्यातलं गाव, सगळ्या विहिरी खारट. एकच गोड, पण ती कोणती हे राजा सांगत नाही आणि चाखून पाहिलं तर शिरच्छेद. आमच्या थैलीत तिनं दोरी, सुरी, मशाल आणि एक साबणाची वडी दिलेली. साबणाचं काय करायचं आम्हाला कळेना. देवमन दादानं तो वाटेतल्या राक्षसाच्या पायाखाली टाकून पाहिला. खरी गंमत अशी की खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. विहिरीचं पाणी न चाखता कळतं. तेराव्या वर्षी हे सुचलं तिला! राजवाडे नाहीत, परदेशी किल्ले नाहीत. आमची आत्या जिथं कपडे धुताना वैतागायची, तिथून तिनं कोडं काढलं.

'शकुंतलेचा शेवटचा डबा' त्याहून भारी. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूर छोटी गाडी, इतकी हळू की माणूस खाली उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचा. तिनं त्याचाच नियम केला. कोणीही केव्हाही उतरू शकतो, पण एक डाव जातो. गाडीतल्या चोराला हे माहीत नसतं, तो दारं बंद करून आपल्याला कोंडतो आणि आपण खिडकीतून उतरून त्याच्या पुढच्या डब्यात चढतो.

एका नियमाचा मात्र मला अजूनही राग येतो. 'पहारेकऱ्यानं ज्याला विचारलं त्यानंच उत्तर द्यायचं. दुसऱ्यानं दिलं तर दार बंद.' आणि ताईचे पहारेकरी नेहमी मलाच विचारायचे. त्या वर्षी आई नागपूरला दवाखान्यात होती, मी घराबाहेर कोणाशी बोलत नसे. शाळेत हजेरीलासुद्धा तोंड उघडत नसे. देवमन दादा मला मुका म्हणायचा. निदान ताईनं तरी सोडावं ना, पण तीच मला गाठायची. दादा उत्तर द्यायला उतावीळ, आणि ती शांतपणे म्हणायची, "पहारेकऱ्यानं तुले नाई इचारलं." मग मी बोलेपर्यंत चिंचोके खुळखुळवत बसून राहायची. किती का वेळ लागेना. लहानपणी मोठ्या बहिणी अशाच छळतात.

अमरावती, ९ नोव्हेंबर

कागद घेऊन गेलो. पाहताक्षणी ताईच्या चेहऱ्यावर जे आलं ते लिहिता येणार नाही. डाव्या हातानं एकेक कागद उलटून पाहिला. नकाशावर बोट फिरवलं. भाऊजी म्हणाले, हे तू काढलं? बरोबर, ती म्हणाली, आणि या वेळी ते खरोखर बरोबर होतं.

मग मी 'गोड विहीर' वाचायला घेतली. तिला फुटाणे दिले, चिंचोके दिले, म्हटलं तू हो वीर. प्रत्येक वळणावर तिच्याऐवजी मीच विचारायचो, मीच दोन पर्याय द्यायचो, तिनं बोट दाखवायचं. दुसऱ्या विहिरीपर्यंत पोचलो आणि तिनं कागद माझ्या हातातून ओढले. "बरोबर," असं ओरडली. डोळ्यांत पाणी. कागद छातीशी धरून आत जाऊन पडली.

भाऊजी म्हणाले, जुन्या आठवणींनी त्रास होतो तिले, नको आणत जाऊ. मला वाटतं खरंच आहे. हिनं इतकं सुंदर रचलं आणि आता स्वतःच्याच गोष्टीत एक शब्द बोलता येत नाही, हे तिला दाखवून मी काय मिळवलं?

अकोला, ११ नोव्हेंबर

आचल मॅडमना फोन करून झालेलं सांगितलं. वयानं लहान आहेत, तिशीच्या आत असाव्यात, पण ऐकून घेण्याची रीत फार चांगली. त्यांनी एकच विचारलं. लहानपणी हा खेळ सांगायचं कोण?

ताई, मी म्हटलं. नेहमी ताईच.

"मग परवा तिला काहून ऐकायला बसवलं?"

त्यांनी पुढं समजावलं की एक, दोन, तीन, वारांची नावं, पाठ झालेलं असं काही आधी परत येतं. चिंचोक्याचं दान तिलाच मोजू द्या. तिला शब्द सापडेपर्यंत थांबा, तुम्हाला कळला तरी तुम्ही म्हणू नका. थांबणं सगळ्यात अवघड, असंही म्हणाल्या.

मी त्यांना पहारेकऱ्याचा नियम गंमत म्हणून सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग विचारलं, तुम्ही बाहेर बोलायला केव्हा लागलात? मी म्हटलं, आठवत नाही, त्याच उन्हाळ्यानंतर कधीतरी. शाळा उघडली तेव्हा बोलत होतो. लहान मुलांचं असं आपोआप सुटतं. त्या हो म्हणाल्या.

अमरावती, १६ नोव्हेंबर

आज ताई सांगणारी, मी हेर. लहानपणीही मी हेरच असायचो, नाव दौलत.

नकाशा तिच्यासमोर ठेवला. ती बोटानं दाखवते, मी चालतो. बोट थांबलं की मी थांबतो. पहिलं दान टाकलं, दोन पांढरे. ती पाहत राहिली. मी पण. स्वयंपाकघरातली शिट्टी झाली, बाहेर भाजीवाल्याची गाडी येऊन गेली, मी तोंड घट्ट मिटून बसलो. ओठ हलले. मग, "एक... दोन."

दोन! अगदी स्पष्ट. पुढचं दान तीन, तेही एकपासून मोजत आणलं. शून्य पडलं तेव्हा तिनं माझ्या ढिगातला फुटाणा उचलला आणि माझ्याकडं बघत चावला. तेरा वर्षांची असताना जशी चावायची तशीच. मला इतकं हसू आलं की भाऊजी आतून धावत आले.

निघताना ती दारापर्यंत आली. बोटांवर काहीतरी मोजत होती.

अमरावती, २३ नोव्हेंबर

आज भाऊजीही खेळायला बसले. मीच आग्रह केला. ते वैद्य झाले.

'नरनाळ्याचा दरवाजा' ही गोष्ट. किल्ल्याच्या दारात पहारेकरी. आता त्याचा प्रश्न ताईनं विचारायचा. तिनं भाऊजींकडं बोट केलं आणि शब्द शोधायला लागली. तोंडातून "क... क..." येत होतं. भाऊजींना ते पाहवेना. कोण म्हणून विचारतं का? कुठून आलो? कशाले आलो? काय पाहिजे? ते एकामागून एक विचारत गेले. प्रेमानंच. प्रत्येक प्रश्नाला ती म्हणायची, बरोबर, बरोबर, आणि चेहरा मिटत जायचा. शेवटी तिनं चिंचोके गोळा केले, नकाशा पालथा घातला. दार बंद.

भाऊजी उठून गच्चीवर गेले. मी मागोमाग गेलो. वाळत घातलेल्या चादरींच्या घड्या घालत होते, दुपारच्या उन्हात, ओल्याच. मला थोडा राग होता, काहीतरी बोलणार होतो. तेच बोलले.

"तुले वाटते मी तिले बोलू देत नाई. तू रविवारचा येतं अन् संध्याकाळी जातं, गोपाल. ह्या घरात तीच बोले. मी ऑफिसातून आलो का दिवसभराचं सारं सांगे, मी नुसता हूं हूं करो. आता मी चूप बसलो त घरात पंख्याचा आवाज येते."

चादरीचं एक टोक मी धरलं. दोघांनी मिळून घडी घातली. मग पुन्हा उलगडून दोरीवर टाकली, ओली होती म्हणून.

अकोला, १ डिसेंबर

काल जाता आलं नाही. मिलमध्ये चाळणीचा पट्टा तुटला आणि रविवार त्यातच गेला. भाऊजींचा फोन होता. म्हणाले, नकाशा तिनं भिंतीला चिकटवून घेतला. मी विचारलं, बोलली काही? ते म्हणाले, मी इचारलंच नाई. बसलो फक्त शेजारी.

अमरावती, ७ डिसेंबर

आजचं नीट लिहितो.

भाऊजी खेळायला बसले तेच फुटाण्यांची वाटी घेऊन. मध्ये बोलावंसं वाटलं की ते एक फुटाणा तोंडात टाकायचे. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत निम्मी वाटी संपली. ताईच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या खांद्यांना हसू फुटलं.

पुन्हा 'गोड विहीर'च. तीन विहिरी, राजा सिंहासनावर. मी दौलत हेर, थैली उघडून पाहतो. दोरी, सुरी, मशाल आणि हे काय पिवळं? मी मुद्दाम येड्यासारखं विचारत होतो, हे खायचं असतं का, याची वात करायची का? ताईचं डोकं हलत होतं. हात डोक्यावर चोळून दाखवत होती. भाऊजींच्या गालात दोन-दोन फुटाणे.

"सा," ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "साबण."

मी टिपून घ्यायलाही विसरलो. मी साबण पहिल्या विहिरीत बुडवला. तिनं बोटं पसरली, फेस नाही. दुसरीतही नाही. तिसरीकडं गेलो, म्हटलं, राजेसाहेब, हीच गोड विहीर. आणि ताईनं मान जोरजोरात हलवली. तिसरीही नव्हती! कागदावर तर तिसरीच लिहिली होती. मी कागद दाखवून म्हटलं, ताई, हे बघ, तिसरीच आहे.

"ना," ती म्हणाली. "नाही."

पोळ्यापासून पहिल्यांदा.

तिनं नकाशाच्या कोपऱ्यावर, जिथं काहीच काढलेलं नव्हतं, तिथं बोट ठेवलं. चौथी विहीर. मला आधी वाटलं ती विसरली असेल. पण डोळे असे चमकत होते की विसरणाऱ्याचे चमकत नाहीत. एवढ्या वर्षांनी तिनं कोडं बदललं होतं, कारण आम्हाला उत्तर माहीत होतं!

भाऊजी चहा ठेवतो म्हणून आत गेले. बराच वेळ गॅस पेटल्याचा आवाज आला नाही.

अकोला, १४ डिसेंबर

वाईट दिवस. पोचलो तेव्हाच ताई थकलेली होती. चमच्याला पूल म्हणाली, भाऊजींना सोमवार म्हणाली. आम्हाला कळत नाही म्हटल्यावर चमचा फेकला. नंतर पुन्हा नुसतं बरोबर, बरोबर. खेळ काढलाच नाही.

परतताना मनात आलं, या खेळानं तिला बरं वाटतं की मला? माझी हुशार बहीण परत दिसावी म्हणून मी तिला दर रविवारी परीक्षेला तर बसवत नाही ना? गाडीतून मॅडमना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, चुकीचा शब्द म्हणजे शब्द निघाला. गेल्या महिन्यात तिच्याकडं चुकायलासुद्धा शब्द नव्हता.

तसं पाहिलं तर खरं आहे. पण चमचा फेकतानाचा तिचा चेहरा काही जात नाही डोळ्यांसमोरून.

अमरावती, २१ डिसेंबर

भाऊजींनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून आणला होता. उद्या कॉलेजमध्ये द्यायचा. सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी तो टेबलावर ठेवला, जिथं सही करायची तिथं पेन्सिलनं फुली मारली आणि पेन तिच्या डाव्या हातात दिला. मी शेजारीच पेरू कापत होतो.

ताईनं पूर्ण अर्ज वाचला. ओळीखालून बोट नेत, हळूहळू. आम्ही घाई केली नाही, आता आम्हाला सवय झाली आहे. शेवटपर्यंत बोट गेलं आणि तिनं पेन ठेवला.

"नाही."

भाऊजी समजुतीनं म्हणाले, अव, पण दिवाळीनंतर मी इचारलं तेव्हा तू हो म्हणालीस. गोपाल होता.

ती माझ्याकडं पाहायला लागली. मी सुरी खाली ठेवली. तिचा श्वास जोरानं चालला होता. "बरोबर," ती म्हणाली, आणि मला वाटलं, झालं, परत अडकली. पण तिनं हात वर केला. थांबा म्हणून. "बरोबर... नाही."

मी आजवर मॅडमना पाठवलेल्या सगळ्या नोंदींत हे दोन शब्द वेगवेगळे लिहिले होते. एकत्र केले की काय होतं हे मला सुचलंच नव्हतं. आणि त्या दिवशी भात का राहिला होता तेही आज कळलं. मी म्हटलं होतं, आजारपणात भूक मंदावते.

भाऊजी खुर्चीत मागं टेकले. ते चिडले नव्हते, घाबरले होते. वर्गात कशी उभी राहशील, पन्नास-साठ पोरं असतात, एखादा शब्द अडला तर काय करशील? मग जे मनात होतं ते म्हणाले.

"पोरं हसतीन तुले, प्राजक्ता."

ती बराच वेळ शोधत राहिली. भाऊजींचा हात टेबलावर वळवळत होता, वाटी नव्हती समोर. पण ते गप्प राहिले.

"हसू," ती म्हणाली. "हसू दे."

नंतर उठून भिंतीवरच्या नकाशाकडं गेली, त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "नकाशे." भाऊजींना लगेच समजलं. मला समजायला वेळ लागला. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाचे तास. तिथं व्याख्यान नसतं. मुलं टेबलाभोवती उभी राहून नकाशे काढतात, वाचतात, आणि शिकवणाऱ्यानं बोट दाखवलं तरी पुष्कळ होतं.

पेरूच्या फोडी तशाच राहिल्या. त्यांच्यावर मीठ टाकायचं होतं.

अकोला, २९ डिसेंबर

भाऊजी कॉलेजात जाऊन आले. प्राचार्यांनी हो म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. उन्हाळ्यापर्यंत बिनपगारी रजा मिळेल, जूनमध्ये प्रात्यक्षिकाच्या एका तुकडीपुरतं पाहू, जमलं तर पुढं. जमेल असं प्राचार्यांना वाटत नसावं, असं भाऊजी म्हणाले. त्यांना स्वतःला काय वाटतं ते मी विचारलं नाही. पण त्यांनी शालेय वस्तूंच्या दुकानातून कोरे नकाशे आणले आहेत, जिल्ह्याचे, राज्याचे, देशाचे, गठ्ठाच. रोज संध्याकाळी ताई एक नाव म्हणते आणि ते शोधून खूण करतात. काल त्यांनी भंडारा जिल्हा मराठवाड्यात टाकला. ती म्हणाली, नाही. भाऊजी फोनवर हे अगदी खुशीत सांगत होते.

मी इकडं विचार करत होतो. ताईनं त्या उन्हाळ्यानंतर आणखी कितीतरी लिहिलं असतं. आई बरी होऊन घरी आली, शाळा सुरू झाली आणि तिनं खेळ बंद केला. मी किती मागं लागलो होतो. म्हणाली होती, आता गरज नाही. मला तेव्हा वाटलं तिला कंटाळा आला. इतकं छान काम कोणी मध्येच सोडतं का? अजूनही हळहळ वाटते.

अमरावती, ११ जानेवारी

नवी तूर बाजारात आली, मिलला आता रविवारही मोकळा मिळणार नाही. आज कसाबसा निघालो. ताईला सांगितलं, पुढचे दोन-तीन आठवडे येणं जमणार नाही. तिनं मान हलवली आणि कागद काढायला लावले नाहीत. स्वतः नुसतीच मांडी घालून बसली, भाऊजींना फुटाणे, मला फुटाणे. म्हणजे आज नवी गोष्ट.

"मिल," ती म्हणाली. "तुही."

माझी मिल! मी खूश. तिनं हातानं दार उघडलं, आत नेलं. "अंधार." लाइट गेलेली. मी सांगायला गेलो की आमच्याकडं जनरेटर आहे. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"गोष्ट... माही हाय."

भाऊजींनी एक फुटाणा माझ्या तोंडात कोंबला.

अंधारात तुरीचा ढीग. ढिगाखालून आवाज. तो आवाज तिनं काढून दाखवला, लांबलचक, आत ओढून घेतल्यासारखा आणि पुन्हा सोडल्यासारखा. मी दौलत हेर, ढिगावर चढलो. दान टाकलं, तिनं न मोजता एकदम "तीन" म्हटलं. ढीग खचला. खालून काहीतरी वर आलं. काय आलं?

ताई शोधायला लागली. माझ्या मनात शब्द तयारच होते. साप असेल. अजगर असेल, आवाज तसाच होता. फार तर भूत. आम्ही थांबलो. बाहेर शेजाऱ्यांनी स्कूटर चालू केली, ती दूर गेली. तिचे ओठ मिटत, उघडत. डावा हात हवेत आडवा फिरत होता, पुन्हा पुन्हा.

"समुद्र," ती म्हणाली.

मी आणि भाऊजींनी एकमेकांकडं पाहिलं. चमच्याला पूल म्हणाली होती तसंच असणार. भाऊजींनी फार हळू विचारलं, साप म्हणायचं आहे का? तिनं डोकं हलवलं. अजगर? मी विचारलं. तिनं दोन्ही हात उचलले, उजवा थोडा खालीच राहिला, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले.

"नाही. समुद्र."

चुकीचा शब्द नव्हता तो. अकोल्यात, एमआयडीसीत, तुरीच्या ढिगाखाली तिला समुद्रच म्हणायचा होता. तो काढून ती आमच्याकडं बघत बसली होती, आता पुढं काय करता म्हणून.

भाऊजी उठले. पँटचे पाय घोट्याच्या वर दुमडले आणि मला म्हणाले, चाल.